चाखून सांगणारी

विठ्ठलवाडीची ती बाई मला दर महिन्याला माजिवड्याच्या हॉस्पिटलात भेटते. आमच्या मुलांच्या अंगात जन्मापासूनच रक्त नीट बनत नाही, म्हणून त्यांच्यावर नव्या औषधाची ट्रायल चालू आहे. काही मुलांना खरं औषध मिळतं, काहींना तसंच दिसणारं नुसतं सिरप. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. तिला हे अजिबात पटलेलं नाही. "एवढं शिकून आपण काय देतोय ते माहीत नाही, कमाल आहे," असं ती डॉक्टरांच्या तोंडावर म्हणते आणि वर त्यांनाच चिक्की देते.

बाटल्या मिळाल्या की ती बाकावर दुकान मांडते. दुसऱ्यांच्या बाटल्यांची झाकणं उघडून करंगळीवर थेंब घेते, लग्नातल्या आचाऱ्याने आमटी चाखावी तसे डोळे मिटते आणि निकाल देते. "ताई, तुमचं एकदम असली. कडू आहे." त्या दिवशी मी ठाकुर्लीला घरी हवेतच पोचले.

पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये आम्हा आयांच्या गप्पांत कळलं, तिने सगळ्यांनाच असली सांगितलेलं. मी तिला गाठलं.

"अगं, सगळ्यांचं कसं असली असेल?"

"कोणाचं तरी असेलच ना," ती चिक्की मोडत म्हणाली.

"आणि तुझ्या मुलीचं?"

तिने पिशवीतली बाटली हाताने आणखी खाली दाबली.

"ते मी चाखत नाही, ताई."