कॅमेऱ्याचं माप

नवऱ्याच्या बँकेने त्यांची बदली जयपूरला केली. दुर्गापुऱ्यातल्या घरात पडदे शिवत बसण्यापेक्षा मी पितळी बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या आखूड नळ्या, बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. मायक्रोमीटरने बुश मोजायचा, बरोबर असेल तर पास करायचा. काम कंटाळवाणं, पण पडद्यांपेक्षा बरं.

दोन हजार सालानंतर सगळ्यांनाच आधुनिक व्हायची घाई झाली होती. आमच्या मालकांनी मोजमाप करणारा कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याला मिलिमीटर कळत नाहीत; ठाऊक असलेल्या मापाचं काहीतरी त्याला आधी दाखवावं लागतं. त्यासाठी एक काच आली होती, तिच्यावर बरोबर दहा-दहा मिलिमीटरवर काळे ठिपके. रोज सकाळी ती कॅमेऱ्याखाली ठेवायची, हे दहा, असं त्याला सांगायचं, मग बुश मोजायचे. कॅमेरा बसवणारा इंजिनियर हे तीनदा बजावून गेला. हे सकाळचं काम मालकांनी स्वतःकडे ठेवलं.

सोमवारीच कॅमेऱ्याने मिस्त्रीजींचे सगळे बुश नापास केले. व्यास वीस मिलिमीटर हवा, कॅमेरा म्हणे वीस पूर्णांक सहा. मिस्त्रीजी बुश कातायच्या लेथवर मालकांच्या वडिलांच्या काळापासून उभे.

"नज़र गई इनकी," मालक म्हणाले. "शनिवार तक देखता हूँ, फिर घर बैठें."

"माइक्रोमीटर पर तो बीस ही आता है," मी म्हटलं.

"मॅडमजी, कॅमेरे की किसी से रिश्तेदारी नहीं है."

घरी नवरा म्हणाला, "तुझा मायक्रोमीटर जुना, कॅमेरा नवा. हट्ट कशाला?" बँकेत कॉम्प्युटर आल्यापासून त्यांचा यंत्रांवर गाढ विश्वास होता. ते चालवायला दुसरा माणूस असे.

शुक्रवारी मी कॅमेऱ्याखाली डोकं घातलं. तिथे काच नव्हतीच. लॅमिनेट केलेला कागद होता.

"काँच तिजोरी में है," मालक म्हणाले. "इतनी महँगी चीज़ रोज़ निकालेंगे? घिस जाएगी."

स्वतः गोपालपुऱ्याला जाऊन ते काचेची झेरॉक्स काढून आले होते. तिथली दुकानं कोचिंगच्या नोट्सवर चालतात. कडेची अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणून मशीन थोडं लहान करूनच छापतं, आणि नोट्सचं त्याने काही बिघडत नाही. मी स्टीलची पट्टी लावली. ठिपक्यांमधली दहा घरं, म्हणजे शंभर मिलिमीटर हवेत. भरले सत्त्याण्णव. त्यांनाच शंभर समजून कॅमेरा प्रत्येक बुश फुगवून सांगत होता.

मालकांनी पट्टी स्वतः दोनदा लावून पाहिली. मग तिजोरी उघडली.

खरी काच दाखवल्यावर सोमवारचे बुश वीस भरले. गुरुवारचे मात्र एकोणीस पूर्णांक चार. नोकरी वाचवायला मिस्त्रीजींनी ते कॅमेऱ्याला पटतील एवढे बारीक केले होते. खोकंभर भंगार.

"ये तो सचमुच ग़लत हैं," मालक जरा समाधानाने म्हणाले.

"आपकी झेरॉक्स के नाप से बिलकुल सही हैं," मी म्हटलं.

मिस्त्रीजींनी लेथ मशीन बंद केलं. "सेठजी कह दें कि मेरा नाप सही था, तब चलाऊँगा."

मालक त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. ते माझ्याकडे वळले. "मॅडमजी, इनसे कह दीजिए, नाप ठीक था."

"मॅडमजी," मिस्त्रीजी म्हणाले, "सेठजी से कहिए, मैं ऊँचा सुनता हूँ."

मी मायक्रोमीटर पुसायला घेतला. शेवटी मालकांनाच ओरडून सांगावं लागलं, आणि ते पॅकिंगच्या बायकांपर्यंत गेलं. तेव्हा मिस्त्रीजींनी बटण दाबलं.