रूबेनच्या पणजोबांचं बेट

शुगर लँडहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि हवा इडलीपात्राचं झाकण नुकतंच काढल्यासारखी होती. टेक्सासात सप्टेंबर म्हणजे आपला मे, वर घामाची भर. गाडी रूबेन चालवत होता. रूबेन म्हणजे माझ्या मुलाचा, अमोलचा, शेजारी. वय सत्तर, तेलशुद्धीकरण कारखान्यातून निवृत्त, जन्म लुइझियानातला. त्याच्या शेजारी त्याची बायको लिंडा, तीस वर्षांपूर्वी फिलिपीन्सहून नर्स म्हणून आलेली. मागे मी, मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन.

हा प्रवास माझ्यामुळे निघाला, हे आधीच कबूल करते. जूनमध्ये मी मुलगा-सुनेकडे आले आणि पहिल्याच भेटीत आपल्या सवयीनं रूबेनला विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" तो म्हणाला, लुइझियाना. मी म्हटलं, "ते झालं, पण मूळचे कुठले?" तेव्हा कळलं, पणजोबा फिलिपीन्सचे खलाशी होते. मग मी थांबावं की नाही? मी पुढे विचारलं, "बेट कोणतं?" रूबेनला ठाऊक नव्हतं.

तोवर त्याचं काही अडलं नव्हतं. पण डिसेंबरात तो आयुष्यात पहिल्यांदाच लिंडाबरोबर फिलिपीन्सला जायचा होता. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणाले होते, एकदाच काय ते जाऊन या. माझ्या चौकशीनंतर त्यानं ध्यासच घेतला: एकदाच जायचं तर पणजोबांच्या मातीवर उभं राहायचं.

"आई, तू त्याला कशाला पिन मारलीस?" अमोल वैतागला. "मी ऑफिसला निघालो की तो मला थांबवून फोनवर मॅप दाखवतो यार. आज हे बेट, उद्या ते."

सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, रूबेनची थोरली बहीण लुर्डेस. वय पंच्याऐंशी, लुइझियानाच्या दलदलीत समुद्राजवळ एकटी राहणारी. तिची स्मृती आता विरत चालली होती. ती विसरायच्या आत विचारून घ्यायचं म्हणून आम्ही निघालो होतो. मला बरोबर घेतलं, कारण लुर्डेस अजून घरी कोळंबी सुकवते आणि मी रत्नागिरीत तीस वर्षं सुक्या मासळीची तपासणी करून निवृत्त झाले. "तुमचं दोघींचं जमेल," लिंडा म्हणाली.

राज्याची हद्द ओलांडल्यावर आधी भाताची खाचरं लागली, मग दलदलीवरून मैलोन्‌मैल जाणारा पूल. खाली काळं पाणी आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेली झाडं. पूल संपल्यावर एका पेट्रोल पंपावर मी "भाताचा काहीतरी प्रकार" म्हणून बूदँ (आतड्यात भात भरून वाफवलेली वळकटी) घेतली. अर्धी खाल्ल्यावर लिंडा म्हणाली, त्यात डुकराचं काळीज असतं. खाल्लं ते खाल्लं. चव वाईट नव्हती. हे घरी सांगणार नव्हते, पण आता लिहूनच टाकलं.

पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला आणि लिंडाला आपलं बेट आठवलं. कॉलेजात तिचा विषय इतिहास होता.

"आधी आमच्याकडे लोक आपल्यापुरता भात पिकवायचे," ती म्हणाली. "मग तेव्हा आमच्यावर राज्य करणाऱ्या स्पेननं मनिलाचं बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुलं केलं आणि शेतं विकण्यासाठी पिकू लागली. आमच्या विसाया बेटांवर ऊस. उत्तरेला इलोकोसकडे तंबाखू तर आधीपासूनच होता. मनिलाच्या दक्षिणेला बिकोलमध्ये अबाका (केळीसारखं झाड, त्याच्या वाखापासून जहाजाचे दोर वळतात). ज्यांच्या जमिनी वाढल्या, त्यांची मुलं मनिलात आणि युरोपात शिकायला गेली. ज्यांच्या गेल्या, ते जहाजांवर गेले."

"आणि फिलिपिनो कधी झाले सगळे?" मी विचारलं.

"आधी तिथं जन्मलेल्या स्पॅनिश लोकांनाच फिलिपिनो म्हणत. बाकीचे आपापल्या बेटाचे, आपापल्या भाषेचे. शिकून आलेली ती मुलं म्हणाली, आम्ही सगळेच फिलिपिनो. देश त्यांनी घडवला."

"म्हणजे माझ्या पणजोबांना कुणी विचारलंच नाही," रूबेन समोर बघतच म्हणाला.

पणजोबा जहाजावरून उतरून लुइझियानात राहिले. पुढे स्पेन गेलं आणि अमेरिका आली. ज्या देशात ते पोट भरत होते, त्याच देशाचं राज्य मागे त्यांच्या बेटांवर बसलं. यावर पणजोबा काय म्हणाले असतील, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

दुपारी पोचलो. पुराच्या भीतीनं घर उंच खांबांवर, खाली रिकामी जागा आणि मागे लाकडी फळ्यांचा माच. माचावर उकडलेली कोळंबी पसरलेली. लुर्डेस रबरी बूट घालून दाताळ्यानं ती उलटीपालटी करत होती. माझी ओळख करून दिल्यावर तिनं चार कोळंब्या माझ्या हातावर ठेवल्या. मी वास घेतला, एक मोडून बघितली, चावली.

"वाळवण उत्तम आहे, मीठ थोडं जास्त," मी म्हटलं.

"इथल्या हवेत कमी मीठ घालून दाखव," ती म्हणाली. बाईचं बरोबर होतं. मी नोकरीत असते तर पास केली असती.

पूर्वी अशा माचांवर माणसं राहायची, तिनं सांगितलं. पाण्यात खांब रोवून बांधलेली अख्खी वस्ती, तिथंच कोळंबी उकडायची, सुकवायची. एका वादळात सगळं वाहून गेलं.

रूबेननं वही काढली. "आते (ताई), पणजोबा कुठल्या बेटावरचे?"

"मनिला."

"ते बंदर झालं. गाव?"

"मनिला. कागदावर सगळ्यांचं तेच होतं."

तिसऱ्यांदा विचारल्यावर ती चिडली. "ऊन आहे तोवर तुडवून घ्या," म्हणाली.

आपण सोडे एकेक सोलतो. इथं वाळलेली कोळंबी मळणीसारखी पायांनी तुडवतात, म्हणजे टरफल सुटतं, आणि मग पाखडतात. पायांना गोणपाट बांधून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही तिघं गोल फिरू लागलो. दुसऱ्याच फेरीत माझं गोणपाट सुटलं आणि मी रूबेनच्या टाचेवर पाय दिला. लुर्डेसनं दाताळं आपटून ताल धरला आणि मोजायला लागली. "मायसा, दुहा, तात्लो, अपात, लिमा. मायसा, दुहा..."

लिंडा एकदम थांबली. "मायसा? मायसा म्हणजे एक. हा इलोकोसचा शब्द आहे, उत्तरेचा."

रूबेननं धावत जाऊन वही उघडली. त्यानं 'उत्तर' असं लिहिलं.

"पण दुहा आमचं, विसायांचं," लिंडा सावकाश म्हणाली. "तात्लो मनिलाकडचं. अपात मनिलातही म्हणतात, बिकोलातही."

रूबेनचं पेन थांबलं.

"बाबा सांगायचे," लुर्डेस म्हणाली, "आधी जो तो आपल्या भाषेत मोजायचा. पाऊल चुकायचं, बोटं चेंगरायची, हाणामाऱ्या व्हायच्या. मग ठरलं, एक आकडा इलोकोसच्यांचा, एक विसायांचा, एक मनिलावाल्यांचा, एक बिकोलच्यांचा."

"आणि पाच?" मी विचारलं.

"पाचवर भांडण नव्हतं. लिमा सगळीकडे लिमाच."

"आपला आकडा कोणता होता, आते?" रूबेननं विचारलं.

तिनं दाताळं फळ्यांवर टेकवलं. "ते बाबांनी नाही सांगितलं. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल."

रूबेन जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याचे डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली. सुखानं जगणाऱ्या माणसाला मी हे कुठून सुचवलं, असं झालं. लिंडा त्याच्याजवळ बसली. "हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही," एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही तिथंच राहिलो. डासांनी मला फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी परतताना लुर्डेसनं कोळंबीची मोठी पिशवी दिली. उसाचा पट्टा संपला. पुलावर चढल्यावर रूबेन म्हणाला, "लिंडा, मनिलाचं तिकीट काढ. तिथून उत्तरेला इलोकोस, मग बिकोल, मग विसायात तुझ्या आईकडे."

"तुझी तब्येत?"

"डॉक्टर म्हणाले एकदाच जा. एकाच ठिकाणी जा, असं नाही म्हणाले."

माझा जीव भांड्यात पडला, तरी पूर्ण पडला नाही. कारण पणजोबांचं गाव काही सापडलं नव्हतं आणि आता सापडणारही नव्हतं. आपल्या दाराशी खंडीभर पाट्या असतात, गावाची, तालुक्याची, कुळाची. त्या लावायला मिळणं हेही नशीबच आहे. त्या फळ्यांवर ज्यांनी पायाखाली कोळंबी आणि तोंडात एकमेकांचे आकडे घेऊन दिवस काढले, त्यांनीही देश घडवला असणार, असं मला वाटतं. लिंडाच्या पुस्तकात ते नसेल.

रविवारी अमोलच्या स्वयंपाकघरात मी ती कोळंबी कांदा-खोबऱ्यावर केली, वर आमसूल. रूबेन आणि लिंडा जेवायला आले. सून भात काढत होती आणि लिंडा ताटं मांडत होती. एकेक ठेवताना ती स्वतःशीच मोजत होती, "मायसा, दुहा, तात्लो, अपात..."

तिच्या बेटावर एकला 'उसा' म्हणतात आणि तीनला 'तुलो', हे परतताना गाडीत तिनंच मला सांगितलं होतं. रूबेननंही ते ऐकलं होतं. तो खुर्चीवरून उठला, शेवटचं ताट तिच्या हातून घेतलं आणि मांडलं.

"लिमा," तो म्हणाला.