देवघरातली पिल्लं

आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अंडं खाल्लेलं नाही. तरीही गेल्या जानेवारीत मी कोंबडीची सहा पिल्लं पार्सलनं मागवली.

का, ते विचारू नका. बायकोनं विचारून झालंय. चिकलठाण्याला आमचं छोटंसं रो-हाउस आहे, मागं दहा पावलांचं अंगण आहे, आणि माझ्या मोबाइलवर एक गृहस्थ रोज सकाळी कोंबड्यांच्या मागं फिरत सांगायचे, की कोंबड्या पाळल्यानं अंगणातले किडे जातात, झाडांना खत मिळतं आणि रक्तदाब उतरतो. (रक्तदाबाचं ते खरंच म्हणाले होते. माझा त्या रविवारी कुठवर गेला, ते मोजायला कुणाला सवड नव्हती.)

पिल्लं एका लांबच्या हॅचरीतून बसच्या पार्सलनं येणार होती. जिवंत जीव खोक्यात कसा तग धरेल, असं माधुरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं. मग मी तिला समजावलं, की पिल्लू अंड्यातून निघताना बलक पोटात घेऊनच निघतं, आणि त्यावर दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून राहतं. हे मी अशा थाटात सांगितलं, की जणू ती सोय मीच करून ठेवली होती. टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात चादर अंथरून आणि वर एक दिवा टांगून मी सहा जणांची व्यवस्थाही तयार ठेवली.

रविवारी सकाळी पार्सल ऑफिसातून फोन आला. "पार्सल आलंय तुमचं. लवकर न्या, लई ओरडायलंय."

मी माधुरीची लोकरी शाल घेऊन स्कूटरवर निघालो. आता इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. ट्रक आला की चलन हातात घ्यायचं, माल ताडून बघायचा आणि मगच सही करायची, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. एक वॉशर कमी भरला म्हणून मी आख्खा ट्रक परत पाठवलेला आहे. त्या दिवशी मात्र काउंटरवरच्या माणसानं "पिल्लांचंच ना?" एवढंच विचारलं, मी "व्हय" म्हणालो आणि त्यानं बोट ठेवलं तिथं सही ठोकली. खोकं जरा मोठं वाटलं. पण मनात म्हटलं, पॅकिंग करावं तर असं!

जालना रोडवरून मी वीसच्या वेगानं घरी निघालो. खोकं शालीत गुंडाळून पायांपाशी ठेवलेलं, त्यातून चिवचिवाट. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला बराच वेळ माझ्या गाडीकडं बघत होता. शेवटी तो काळजीनं म्हणाला, "चाचा, बेल्ट बदल लेव. आवाज अच्छा नै आ रा."

घरी आई आणि माधुरी दारातच उभ्या होत्या. मी हॉलमध्ये खोकं ठेवलं, झाकण उघडलं, आणि तिघंही आत वाकलो. खोक्यात चार कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात पिल्लांची पिवळी, तपकिरी चादरच अंथरलेली होती आणि ती चादर ओरडत होती.

"श्रीकांत," अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई चष्मा सारखा करत म्हणाली, "ही सहा आहेत?"

कंपनीची काहीतरी योजना असेल, असं मी म्हणून पाहिलं. माधुरीनं झाकण उलटं केलं आणि त्यावरचा कागद मोठ्यानं वाचला. सुनंदा अमुक-तमुक, तालुका वैजापूर, नग शंभर. खाली फोन नंबर.

फोन माधुरीनंच लावला आणि रिंग वाजायला लागल्यावर माझ्या हातात दिला. पलीकडं सुनंदाबाई होत्या. एकाच बसनं, एकाच हॅचरीतून दोन खोकी आली होती आणि मी त्यांचं उचलून आणलं होतं. मी कबुली दिल्यावर त्यांनी आधी पिल्लं जिवंत आहेत ना, ते विचारलं. मग त्या अगदी हळू बोलल्या. त्यांची गाडी बाजार समितीत कांदा उतरेपर्यंत अडकली होती, चार वाजायच्या आत त्या पोचू शकत नव्हत्या.

"मागल्या खेपंला गारठ्यानं निम्मी गेली, साहेब," त्या म्हणाल्या. "आता घरातले म्हणतेत, तुला नाय जमायचं, सोड नाद. तवर तेवढी जगवा."

मी घसा खाकरून म्हणालो, की त्यांनी निर्धास्त राहावं, मला या विषयातली बरीच माहिती आहे. सुनंदाबाईंनी फोन बायकोकडं द्यायला सांगितलं.

सूचना साध्या होत्या. ऊब हवी, वारा नको. कोमट पाण्यात गूळ कालवायचा आणि एकेका पिल्लाची चोच त्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी प्यायचं कळतं. मग तासाभरानं बारीक भरडा. पायाखाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. पण शंभर पिल्लं ठेवायची कुठं? टीव्हीच्या खोक्यात निम्मीसुद्धा मोकळी मावेनात. घरात लहान, बंद आणि उबदार अशी एकच जागा होती. ती बोलून दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं, माधुरीतही नव्हतं. आईनंच सोवळ्यातला पाट उचलला.

"देव आज हॉलमध्ये बसतील," ती म्हणाली. "त्यांनाही जरा टीव्ही बघू दे."

तासाभरात देवघरात जुन्या चादरी पसरल्या, पिल्लं सोडली आणि मी माझा दिवा वर टांगला. तरी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत होती. मोबाइलवरच्या गृहस्थांनी दिव्याखाली ठेवा म्हटलेलं, मी ठेवली होती. आणखी काय करायचं असतं? माधुरीनं हात वर करून दिव्याला लावला आणि तसाच ठेवला.

"एलईडी आहे हा," ती म्हणाली. "यावर तुम्ही बर्फ ठेवला तरी वितळायचा नाही."

म्हणून मी जुने पिवळे बल्ब आणायला शहागंजला गेलो. पाचव्या दुकानात सापडले. दुकानदार चाचांनी माळ्यावरून धुळीचा खोका काढला, फुंकला आणि माझ्याकडं निरखून बघितलं. हे बल्ब आता फक्त कोंबडीवाले नेतात, असं त्यांनी सांगितलं. मी ताठ होऊन म्हणालो, मीही तोच. "लगते नै," चाचा म्हणाले आणि होल्डर कसा लावायचा ते मला दोनदा समजावलं.

परत आलो तोवर सासू-सुनांचा कारखाना जोरात सुरू होता. आई पिल्लू उचलायची, माधुरी वाटीत चोच बुडवायची, पिल्लू मान वर करून घोट गिळायचं आणि गर्दीत परत जायचं. अडचण एवढीच, की पाणी प्यालेलं कोणतं आणि राहिलेलं कोणतं, हे कळत नव्हतं. इथं माझा स्टोअरचा अनुभव कामी आला. तपासलेल्या मालावर आम्ही खूण करतो! मी कुंकवाचा करंडा आणला आणि प्यालेल्या प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर टिळा लावायला लागलो. सत्तर-ऐंशी टिळे झाल्यावर मी मागं सरकून बघितलं. दृश्य फार सात्त्विक होतं.

ते मिनिटभर टिकलं. एका पिल्लानं शेजाऱ्याच्या टिळ्यावर चोच मारली. दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. बघता बघता सगळं देवघर एकमेकांच्या डोक्यावर तुटून पडलं. माधुरीनं पुन्हा फोन लावला.

"तांबडं लावलंत?" सुनंदाबाईंचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "अहो ताई, तांबडं दिसलं की टोचतेत ती. पुसा आधी, कोरड्या कापसानं. कुणाची अक्कल ही?"

"आहेत एक," माधुरी म्हणाली.

मग आम्ही तिघांनी एकेक डोकं पुसलं. पुसता पुसता मला कडेला एक पिल्लू आडवं पडलेलं दिसलं. मान टाकलेली, डोळे मिटलेले. मी ते हातात घेतलं. कागदाइतकं हलकं होतं आणि थंडगार. त्या बाईंचा हळू झालेला आवाज मला आठवला आणि गंमत सगळी उतरली. एक सही नीट वाचून केली असती तर हे पिल्लू आत्ता आपल्या खोक्यात बाकीच्यांच्या उबेत असतं. मी आईला म्हणालो, हे गेलं.

आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, ओंजळीत धरलं आणि पदराखाली गळ्याशी लावून भिंतीला टेकून बसली. मधूनमधून बोटावर गुळाच्या पाण्याचा थेंब घेऊन ती त्याच्या चोचीला लावायची. मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा गप्प बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं पदराखालून बारीक आवाज आला. नंतर मोठा आला. तो ऐकून माधुरीनं डोळे पुसले, आणि मी उगाचच बल्ब नीट केला.

उरलेला वेळ मी मोजणीत घालवला. शंभराला शंभर परत द्यायची होती. पहिल्यांदा सत्त्याण्णव भरली, मग एकशे पाच, मग एकशे दोन, परत एकशे दोन. शंभरावर भरतील कशी? मी हलणारा माल मोजण्यातली चूक म्हणून ते आकडे सोडून दिले.

चार वाजता सुनंदाबाई आल्या. चाळिशीच्या, डोक्याला मफलर, काखेत माझ्या सहा पिल्लांचं खोकं. त्यांना वाटेतच पाणीही पाजलेलं. चपला काढून त्या सरळ देवघरापाशी गेल्या. बल्बखाली पिल्लं मोकळी पसरून झोपली होती. आईनं पदर सारून दाखवलेलं एक धरून त्यांनी पाच-पाच करत नुसत्या नजरेनं मोजलं.

"एकशे दोन," त्या म्हणाल्या. "शंभरावर दोन जास्तीची देतेत. समदी हायेत." आणि उंबऱ्यावरच बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी आईचे पाय धरले. आईनं त्यांना चहा दिला, आणि पदराखालचं ते पिल्लू जरा नाइलाजानंच त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

माझी सहाही पिल्लं जगली. सुनंदाबाईंचीही जगली, घरातले आता त्यांना नाद सोड म्हणत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन येतो. पिल्लू सुस्तावलं, दाणा खाईना, की त्या आईला विचारतात, आई माधुरीला विचारते, आणि दोघी मिळून वैजापूरला सल्ला देतात.

कधी कधी फोन मी उचलतो. तेव्हा सुनंदाबाई फार आदबीनं विचारतात, "साहेब, घरात कुणी हाय का?"