सगळ्यांनी ‘हो’ लिहिलेला कागद

लातूरची ती दोन वर्षं आठवली की आधी डाळमिलची धूळ आठवते, मग टेस्ट. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर रँक. पेपर सुटला की जिन्यात एकच कालवा, “सातव्याचं काय टाकलास बे?” मी हदगावच्या मास्तरांचा मुलगा. माझा रूममेट किल्लारीकडचा. भूकंपात त्याच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. आश्रमशाळेत वाढून तो मेडिकल प्रवेशाच्या क्लासपर्यंत पोचला होता. एका खोलीत दोन खाटा, एक टेबल, आणि टेबलावरून रोज भांडण. त्याहून बरे दिवस मी नंतर पाहिले नाहीत, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढे दोघांनाही नांदेडला मेडिकल मिळालं. गाव बदललं, सवयी तशाच राहिल्या.

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी वर्गात एक छापील कागद वाटला. रक्ताचे, गाठींचे नमुने संशोधनासाठी वर्षानुवर्षं गोठवून ठेवायचे, अशी बायोबँक असते. तिच्याबद्दल तुम्हाला माहिती आहे का? स्वतःचा नमुना द्याल का? असे वीस प्रश्न होते आणि पुढे ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’चे चौकोन.

आम्ही पडलो लातूरच्या क्लासमधले. चौकोन दिसला की हात शिवशिवायचे. पहिल्या बाकावरच्या टॉपरनं काय टाकलं, ते कुजबुजत मागे आलं : सगळीकडे ‘हो’. मग काय, सगळ्या वर्गानं ‘हो’ टाकलं. बायोबँक म्हणजे रक्तपेढीच, असं निम्म्यांना वाटत होतं, मलाही. फक्त रूममेटनं पहिल्याच प्रश्नाला ‘माहीत नाही’वर खूण केली.

“अबे, चुकायलास तू,” मी चिडून म्हणालो.

“न्हाई माहीत, तर न्हाई माहीत. त्यात काय चुकलं?”

दुसऱ्या दिवशी मॅडम नळ्या आणि संमतीचे फॉर्म घेऊनच आल्या. “कालच्या कागदांवरून वर्ग फारच उदार दिसतो. या, कोण देतंय?”

सगळ्यांच्या माना खाली. एकाचा उपास निघाला, एकीला घरी विचारायचं होतं. मी बुटाची नाडी बांधत बसलो. आमच्या घराण्यातली तीन माणसं पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकनं गेली होती. माझ्या रक्तात काय आहे, ते मला कळायलाच नको होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. “अरे, मी तुमचं मत विचारलं होतं. मताची कुठं आन्सर-की असते का?”

तेवढ्यात रूममेट उठला. “मॅडम, नळीवर नाव राहतं का?”

“नळीवर नंबर. नाव कुलपातल्या रजिस्टरमध्ये. कुणाची नळी ते शोधायचं म्हटलं तर सापडतं.”

“मी मेल्यावरबी?”

“तेव्हाही.”

नावाचं तो एवढं खोदून विचारत होता. का, ते त्या वर्गात मला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याच्या गावात कितीतरी माणसांना एकाच सरणावर अग्नी दिला होता. त्यातली आपली आई कोणती, ते त्याला शेवटपर्यंत कुणी दाखवू शकलं नाही. लातूरच्या खोलीत एकदाच तो हे बोलला होता.

“मंग घ्या,” म्हणत तो स्टुलावर बसला आणि फॉर्म भरू लागला. मी धीर द्यायला म्हणून शेजारी जाऊन उभा राहिलो. फॉर्मच्या तळाशी रकाना होता : तपासणीत गंभीर काही आढळल्यास आणखी कुणाला कळवावं? तिथं त्यानं मला न विचारता माझं पूर्ण नाव लिहिलं. नात्याच्या जागी लिहिलं, भाऊ.

मला स्वतःचाच संताप आला. त्याच्या रक्तातलं वाईट ऐकायला त्यानं मला नेमलं होतं, आणि मी माझ्याच रक्ताला भिऊन नाडी बांधत बसलो होतो.

“मॅडम,” मी म्हणालो, “एक फॉर्म मलाही द्या.”