मान खाली घालून घेतलेला घोट

ज्या जिभेने उभा जन्म दत्ताचं नाव घेतलं, तीच त्याने काढून घ्यावी, याचा मला फार राग आला होता. पक्षाघाताचा झटका आला, हातपाय वाचले, तोंड तेवढं गेलं. शाळेत मुलांवर आणि घरी सगळ्यांवर चालवलेली माझी जीभ ओल्या चिंधीसारखी तोंडात पडून राहिली. नाकात नळी. सून मनीषा कामतघरहून रोज रिक्षाने दवाखान्यात यायची आणि त्या नळीतून मला पेज द्यायची. तिने उशाशी दत्ताची तसबीर ठेवली होती. ती मी खुणेने तिला काढायला लावली.

गिळायला शिकवायला दवाखान्यातली थेरपिस्ट नाझनीन यायची, शहरातल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली गोड मुलगी. जिभेला हाड नसतं हे मी किती जणांना सुनावलं असेल, पण त्या मांसात किती गडी राबतात ते तिने सांगितलं. काही स्नायू जिभेच्या आतलेच, तिला लांब, रुंद, पातळ करणारे. काही बाहेरच्या हाडांना बांधलेले. एक तिला पुढे ढकलतो, एक मागे ओढतो, एक खाली दाबतो, एक मागची बाजू टाळूकडे उचलतो. “काकू, तुमचे डावे झोपलेत. उजवे एकटेच ढकलतात, म्हणून जीभ डावीकडे जाते,” ती म्हणाली. “हनुवटी छातीशी न्या, मगच घोट. नाहीतर पाणी श्वासाच्या वाटेला जाईल.”

इतकं सोपं, पण मला जमेना. माझ्या माहेरी भांडं ओठाला लावलं की ते उष्टं. तांब्या उंच धरायचा, मान मागे टाकायची आणि धार घशात सोडायची. लहानपणापासूनची ती सवय. चमचा जवळ आला की मान आपोआप आढ्याकडे जायची आणि मी खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, सोमवारी शेवटचं बघू, नाहीतर नळी सरळ पोटात बसवावी लागेल. मरणाची मला तेवढी भीती वाटली नाही. तोंडात चव नाही आणि नाव नाही, असं जगायची वाटली.

रविवारी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला भेटायला दिघाशीहून एक बाई आल्या. गावच्या देवळातलं तीर्थ त्यांनी बाटलीतून आणलं होतं. म्हातारीला दिलं, मनीषाला दिलं आणि माझ्यापाशी आल्या. मनीषा “त्यांना पाणी चालत नाही हो” म्हणेपर्यंत माझा उजवा तळहात पुढे झाला होता. रागावलेल्या माणसाचा हात असा पुढे का व्हावा, मला अजून कळलेलं नाही. मान मात्र सवयीने वर गेली. बाईंनी तळहातावर थेंबभर तीर्थ घातलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बाय, तीर्थ हाय ह्ये. वरून न्हाय घ्यायचा. मान खाली घाल.”

मी मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकली, ओठ तळहाताला लागले, आणि तो थेंबभर गारवा जिभेवरून मागे सरकत सरकत आत गेला. खोकला आला नाही. मी तशीच वाकून रडले. मनीषा घाबरून पाठ चोळत राहिली.

नाझनीनला कळलं तेव्हा ती आधी आम्हा दोघींना चांगलीच रागावली. मग चमचा बाजूला ठेवून म्हणाली, “ठीक आहे, काकू. हाताने घ्या, तशाच.” सोमवारी डॉक्टरांसमोर मी तळहातावरून एकेक घोट घेतला. पोटातली नळी टळली. त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. म्हातारीला त्याच सकाळी घरी नेलं होतं. त्या कोण होत्या याचा खल मी करत नाही. दिघाशीच्या बाई होत्या, एवढं पुरे.

आता बोलणं बरंच सुटलंय, ‘र’ अजून अडखळतो, म्हणून नातू मला चिडवतो. दत्ताची तसबीर मी स्वतः पुसून जागेवर ठेवली. त्याच्याशी मी मान ताठ करून भांडत होते. त्याने वाद घातला नाही, फक्त मान खाली घालायला लावली. घरात पेले, भांडी सगळं आहे, तरी रोजचा पहिला घोट मी तळहातावरच घेते. वाकते, गिळते, आणि मग अडखळत त्याचं नाव घेते.