चाड्यावर मास्तर

इंग्रजी अमदानीत मी वाशीमच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गाला मराठी कविता शिकवायला आलो, तेव्हा वऱ्हाडात रसिकता आणायची जबाबदारी एकट्या माझ्यावर आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. जवळ पुण्याची बी.ए.ची पदवी होती, खांद्यावर जरीकाठी उपरणे होते आणि शेताशी संबंध म्हणाल तर ताटातल्या भाकरीपुरता.

शिकवायची रीत सोपी. कविता एकदा गळा काढून म्हणायची, मग तिचे सौंदर्य मी सांगायचे आणि पोरांनी ते वहीत उतरवून घ्यायचे. परीक्षेत माझीच वाक्ये जशीच्या तशी परत आली की मी खूश होऊन गुण देई. सगळ्या वर्गाला एकाच ओळीवर, एकाच शब्दांत गहिवरून येई. याला आम्ही साहित्याची गोडी म्हणत असू.

त्या साली पेरणीची एक कविता नेमलेली होती. तीत शेतकरी मुठीने बी उधळतो आणि आनंदाने गात जातो. त्या गाण्यावर मी दोन पाने लिहून दिली होती.

वर्गात किन्हीराजा गावचा एक विद्यार्थी होता. मिशा फुटलेल्या, लग्न झालेले, दोनदा नापास. पण कवितेचा तास चालू असताना खिडकीबाहेर न बघणारा तेवढा तोच. बापाने त्याला बजावले होते, यंदा मॅट्रिकला बसलास तर ठीक, नाहीतर शेत आहेच. शाळेच्या चाचणीत पास होईल त्यालाच मॅट्रिकला पाठवत. त्या पेपरात या गृहस्थाने माझी दोन पाने सोडून दिली आणि स्वतःचे लिहिले: कवीने आमची पेरणी पाहिलेली दिसत नाही. इकडे तिफणीने पेरतात. तिफणीवरच्या चाड्यात, म्हणजे नळ्यांवरच्या लाकडी वाटीत, मुठीतून बी सोडणारा गात तर नाहीच, बोलतही नाही. लक्ष चळले की मूठ अडते आणि काकर, म्हणजे फणाने पाडलेली रेघ, रिकामी जाते. गाणी निंदणाच्या, तण काढायच्या वेळी म्हणतात.

मी शून्य दिले. लाल शाईने शेराही मारला, ‘रसिकतेचा अभाव’.

तो तीन गुणांनी राहिला. हेडमास्तर मला म्हणाले, “बघा काही जमतं का.” मी ताठ मानेने सांगितले, साहित्यात भीक घालत नाहीत. स्वतःच्या या वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी किन्हीराजाला गेलो. पश्चात्ताप वगैरे काही नाही, कवी बरोबर आहे हे त्याला शेतात उभे राहून दाखवायचे होते. त्या घरच्यांनी माझे असे स्वागत केले की जणू मीच त्यांच्या पोराला पास केले होते. पेरणी चालूच होती. मी म्हणालो, चाड्यावर मी मूठ धरतो.

“मास्तर, तुमाले नाई जमत,” तो म्हणाला.

“करू दे रे त्याहिले,” बाप म्हणाला. “पाहुणे हायेत.”

बैल चालले. मी मुठीतून ज्वारी सोडू लागलो आणि मोठ्या आवाजात कविता म्हणू लागलो. तो मागून दोनदा ओरडला, “मास्तर, बोलू नका, मूठ अडून राह्यली!” अरसिक माणूस, दुसरे काय! मी पुढचे कडवे घेतले.

त्यांनी मला आठ दिवस आग्रहाने ठेवून घेतले, आणि तिथेच घात झाला. सगळे शेत हिरवे झाले. मधला एक पट्टा मात्र न्हाव्याचा हात चुकल्यासारखा टकला राहिला. गाव तो पाहायला येऊ लागले. “हे मास्तरचं,” बाप प्रत्येकाला अदबीने सांगे.

शेवटच्या दिवशी माझा विद्यार्थी आणि त्याची बायको त्या पट्ट्यात वाकून एकेक दाणा बोटाने मातीत टोबत होती. मी बांधावर उभा राहिलो. लाज वाटली, चांगलीच वाटली.

“चूक माझी,” मी म्हणालो. “त्या पेपरातसुद्धा.”

त्याने मान वर केली नाही. “हे त टोबून भरता येते, मास्तर,” तो म्हणाला आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे सरकला.