डिक्कीतले दोन कट्टे

मला बसून राहता येत नाही. शाळेतसुद्धा मी खुर्चीला टेकत नाही, फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत शिकवते. त्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा तर माझ्या पायाला भिंगरीच लागली होती. मायला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं होतं, आणि सगळं माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या दोन स्प्रिंगांवर अडलं होतं.

छप्पन्न साली माय सहा वर्षांची होती. तिच्या बापानं तिला बैलबंडीत घालून आसगावाहून नागपूरला नेलं. तेव्हापासून तिनं एक दसरा चुकवला नव्हता. माझ्या वेळी नववा महिना भरत आला होता तरी ती ट्रकमध्ये उभ्यानं गेली, आणि हे ती मला अजून ऐकवते. मग एका पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून तिचा पाय घसरला आणि मणक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, चाला-फिरा, पण गाडीचे दणके नकोत. ते वर्ष घरात गेलं. पुढच्या वर्षी आम्ही भाड्याची जीप केली. भिवापूरला पोचेपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिथूनच परत फिरलो. माय रडणारी बाई नाही. पण त्या दिवशी खिडकीवरच्या हँडलला लोंबकळून ती घरापर्यंत रडत आली, आणि ते दुखण्याचं रडणं नव्हतं.

या वर्षी तिनं विषयच काढला नाही. पांढरं लुगडं तेवढं धुऊन, घडी करून पेटीवर ठेवलं. ते मला जास्त लागलं. चार शब्द बोलली असती तर मीही चार बोलले असते.

गाडी मी कोंढ्याच्या शाळेत जाण्या-येण्यासाठी जुनीच घेतलेली. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा व्हायच्याही आधीची. शाळा नसेल त्या दिवशी तीच गाडी धान घेऊन गिरणीवर जायची, त्यामुळे मागून पार बसली होती. प्रत्येक खड्ड्याला खालून ठण् आवाज यायचा. पवनीच्या मेकॅनिकनं गाडीकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, विकून टाका." मी त्याला म्हटलं, सल्ला तुमच्याजवळच ठेवा. आणि तशीच तणतणत नागपूरची बस पकडली.

तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारानं विचारलं, "मागे लोड किती असतो?"

"दोन कट्टे धान. कधी तीन."

गाडीत मागं काय असतं असं विचारलं तर आमच्याकडचं कुणीही हेच सांगेल. एक कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं, हिशोब तोंडपाठ. मागच्या सीटवर माय बसणार आहे हे माझ्या तोंडून निघालंच नाही. तो लोड विचारत होता, मायला लोड म्हणावं असं मला सुचणार कसं? त्यानं दोन जाड स्प्रिंगा आणि दोन शॉकअप बांधून दिले. वर एक गोष्ट बजावली: शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, नेहमीचं वजन ठेवूनच आवळा. ते मी वाटभर पुटपुटत आले.

आमच्या घरामागं ट्रॅक्टरचे एक मिस्त्री राहतात. रविवारी सकाळी सातलाच मी त्यांचं दार वाजवलं.

"मॅडम, ट्रॅक्टरले मांगं शॉकअप राहतच नाही," ते डोकं खाजवत म्हणाले. "म्या कायले खोटं बोलू? हे काम केलं नाही कधी."

"मी तरी कुठं केलं, भाऊ? दोघं मिळून चुकू."

पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक चढवला, चाकं काढली. गंजलेल्या नटांवर मिस्त्रींनी डिझेल ओतलं आणि म्हणाले, आता घंटाभर थांबा लागते. थांबणं! मी अंगण झाडलं, भांडी घासली, तीनदा येऊन नट फिरतो का पाहिला. चौथ्यांदा त्यांनी पाना माझ्याच हातात दिला. नट कुरकुरला आणि सुटला, तसा मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले. माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. गाडी कुणासाठी उघडली आहे हे तिला कळत होतं, आणि तिला आशा धरायची नव्हती.

जुन्या स्प्रिंगा हातानं ओढल्या तर निघाल्या. नव्या लांब होत्या, बसेनात. शेवटी मी आसावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले आणि मिस्त्रींनी स्प्रिंग आत दाबली. बोल्ट आवळायच्या वेळी मी दुकानदाराचं बजावणं सांगितलं. मिस्त्रींनी लगेच घरातले दोन कट्टे आणून डिक्कीत टाकले. वजन झालं, बोल्ट आवळले. मागच्या सीटवर तांब्याभर पाणी ठेवून आम्ही गावाला चक्कर मारली. एक थेंब सांडला नाही. मिस्त्री मिशीवरून हात फिरवत बसले.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी कट्टे उतरवले, डिक्की झाडली, सीटवर धुतलेली वाकळ अंथरली. एवढी मानाची पाहुणी बसणार, तर झाडझूड नको?

सकाळी माय पांढरं लुगडं नेसून मागं बसली. गावच्या शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी अशी उडाली की माझंच डोकं छताला लागलं. म्हटलं, वेग जास्त झाला असेल. हळू केली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. आरशात मायचा हात वर गेला आणि हँडलला घट्ट बसला.

"फिरव गाडी," ती म्हणाली.

"माय, हळू नेतो ना मी..."

"फिरव म्हणलं ना."

मी फिरवली. स्टीअरिंगवर मूठ आपटली. दुकानदाराला, मिस्त्रीला आणि सगळ्यात जास्त स्वतःला मनात शिव्या घातल्या. आता ही पुन्हा कधी गाडीत बसणार नाही, आपणच तिचं नागपूर कायमचं बंद केलं, असं वाटलं. घरापुढं थांबून मी तिला उतरवायला दार उघडलं. ती हलेना.

"मी कायले उतरू? ते कट्टे कुठं ठेवले?"

"कोणते?"

"काल डिक्कीत होते ते. टाक परत." माझ्याकडं बघून तिनं कपाळाला हात लावला. "रिकामी बंडी उसळते, बाई. छप्पन साली जातानी बंडीत तांदूळ होता, पीठ होतं, सात बाया होत्या. मी झोपून गेली. येतानी सारं खाऊन सरलं, बाया पायी चालल्या, अन् माहं अंग मोडून निघालं. मास्तरीण झाली अन् एवढं नाही समजलं तुले?"

मिस्त्री धावत आले. कट्टे चढवता चढवता म्हणाले, "बराबर आहे. लोडाची स्प्रिंग लोड मांगते." हे त्यांनी रविवारी सांगितलं असतं तर! पण भांडायला वेळ नव्हता.

त्याच ब्रेकरवरून गाडी चढली आणि उतरली, बस. पवनी गेली. भिवापूर जवळ येऊ लागलं तशी मी सारखी आरशात पाहू लागले. हँडलवरचा हात आरशात दिसेना.

"माय, दुखून राहिलं काय?"

गाडी इतकी हळू केली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत सुटला. मान वळवून पाहिलं तर माय तोंड उघडं टाकून झोपली होती. दोन वर्षांत ती कुठल्याच गाडीत झोपली नव्हती. मग मी जन्मात बसले नाही तशी बसले. उमरेडला चहाची तलफ आली, पण थांबले नाही. गिअरसुद्धा भीत भीत टाकला.

नागपुरात पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या तिथं इंजिन बंद केलं. त्या शांततेनं ती दचकून जागी झाली आणि हात तडक हँडलकडं गेला.

"भिवापूर आलं काय?" तिनं भीत विचारलं.

मी मागं वळून सांगेपर्यंत तिनंच काचेतून बाहेर पाहिलं. रस्ताभर पांढरी लुगडी आणि निळे झेंडे चालले होते. मग तिनं हँडल सोडलं आणि डोईवरचा पदर नीट केला.

"मंग तू बसून काहून राहिली?" ती म्हणाली. "दार उघड."